पेठेतलं जुनं घर घ्यायचंय? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या सोलापुरातल्या वाड्यांवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअप आले की या महिन्याचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. नावं छापलेली नाहीत, कारण बहुतेक प्रश्नांत घरची भावकी आहे आणि व्यवहार अजून चालू आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं पुण्यात आयटीत आहोत, आता वर्क फ्रॉम होम कायमचं झालंय म्हणून सोलापूरला परत यायचा विचार आहे. शुक्रवार पेठेत एका वाड्याचा भाग विकायचाय असं कळलं. चार भावांपैकी एक भाऊ त्याचा हिस्सा विकतोय, किंमत विजापूर रोडच्या फ्लॅटपेक्षा बरीच कमी सांगतोय. टॅक्स पावती त्याच्या नावावर आहे. घ्यावं का?

आधी हे सांगतो की तुम्ही परत येताय याचा मनापासून आनंद झाला, कारण आमच्या पेठांमधली घरं पडतेत ती पावसानं कमी आणि रिकामी राहिल्यानं जास्त. पण तुमच्या पत्रातलं "एक भाऊ त्याचा हिस्सा विकतोय" हे वाक्य वाचून मी थांबलो, आणि तुम्हीपण तिथंच थांबा.

टॅक्स पावतीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. महापालिका कर वसूल करायला कुणाचंतरी नाव लावते, तेवढंच. मालकी बघायची ती सिटी सर्व्हेच्या ऑफिसात. तिथून प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्याच्यासोबत चौकशी नोंदवहीचा उतारापण मागा, बरेच जण तो मागतच नाहीत. कार्डावर नुसतं शेवटचं नाव वाचू नका, वरपासून सगळे फेरफार वाचा, आजोबांचं नाव कसं आलं, ते गेल्यावर वारस कोणकोण लागले, कुणाचं नाव मधेच गायब झालंय का, बोजा आहे का, सत्ताप्रकारात (जागा कुठल्या हक्कानं धरलीय त्या रकान्यात) काय लिहिलंय. जुन्या भागात काही जागा देवस्थानच्या, ट्रस्टच्या किंवा वक्फच्या निघतात. ट्रस्टची जागा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही आणि वक्फची तर विकताच येत नाही, मग तिथं पिढ्यानपिढ्या कोण का राहत असेना.

आता बहिणी. चार भाऊ म्हणालात, बहिणी किती ते लिहिलंच नाही, आणि विकणाऱ्यानंही सांगितलं नसणार. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्यानं तसं आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही हेही सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. "त्यांची लग्नं झाली, त्या काही मागत नाहीत" हे तोंडी चालत नाही. प्रत्येक बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे किंवा तिची खरेदीखतावर सही पाहिजे. वारलेल्या बहिणीची मुलंपण मोजा.

समजा हे सगळं जुळलं, तरी एका भावाचा न वाटलेला हिस्सा घेणं मला अजिबात पटत नाही, त्याची कारणं पक्की आहेत. राहत्या घराचा असा हिस्सा बाहेरच्या माणसानं घेतला तर त्याला घरात जाऊन बाकीच्यांसोबत ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच तसं लिहिलंय. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. दावा लावला की १८९३ चा वाटप कायदा येतो, त्यात घरातली माणसं म्हणू शकतात की हिस्सा आम्हीच विकत घेतो, कोर्ट किंमत ठरवेल आणि तुम्हाला पैसे घेऊन बाहेर पडावं लागेल. शिवाय वारसांपैकी एकानं हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना आधी घ्यायचा हक्क असतो तो वेगळाच. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या घरात पाऊल ठेवायच्या आधीच काही वर्षं कोर्टात. किंमत कमी आहे ती यामुळेच आहे.

मग करायचं काय? भावांना एकत्र बसवा. आधी त्यांच्यात नोंदणीकृत वाटप होऊ द्या, मोजणी होऊन नकाशावर प्रत्येकाचा भाग वेगळा पडू द्या, प्रॉपर्टी कार्ड वेगळं होऊ द्या, मग घ्या. वाटपात चौक कुणाचा, आड कुणाचा, जिना कुणाचा, दिंडी दरवाजातून ये-जा कुणाची हे लिहून घ्या, भांडणं खोल्यांवरून होत नाहीत हो, ती जिन्यावरून आणि मोरीच्या पाण्यावरून होतात. शेजारच्याशी भिंत सामाईक असेल तर तेही खरेदीखतात यायला पाहिजे. त्यानंतर वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे घराच्या जुन्या नोंदलेल्या व्यवहारांचा शोध, काढा आणि पेपरात जाहीर नोटीस द्या, मराठी पेपरात, जो पेठेत वाचला जातो तोच. नोटिशीला कुठूनतरी एखादी आत्या उत्तर देतेच, आणि ते पैसे द्यायच्या आधी झालेलं बरं.

हे सगळं करायला वेळ जातो. सहा महिने, वर्षपण. तोपर्यंत त्याच पेठेत भाड्यानं राहून बघा, हे मी अगदी आग्रहानं सांगतो.

प्रश्न : उत्तर कसब्यात आमचं आजोळचं माळवदाचं (लाकडावर मातीचं सपाट छत असलेलं) घर आहे, मामा आम्हाला देतो म्हणतोय. दोन इंजिनिअर आणले. एक म्हणाला पाडा. दुसरा म्हणाला माळवद काढा आणि त्याच भिंतींवर स्लॅब टाका, खर्च कमी. आईला घर पाडायचं नाही. गळती मात्र खूप आहे.

दुसऱ्या इंजिनिअरचं ऐकू नका. पहिल्याचंही लगेच ऐकू नका.

अक्का, तुमच्या घराच्या भिंती दगडाच्या असतील पण आतलं काम मातीत केलेलं असणार, दोन बाजूंनी दगड आणि मधे माती-खडी भरलेली. अशा भिंतीत दोन्ही बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड ठिकठिकाणी लागतात, ते नसले की भिंत पोट काढते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जे झालं ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही, तिथं माणसं गेली ती जास्त करून अशाच जाड भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं ओझं अंगावर आल्यानं. त्याच भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकायचा म्हणजे ज्या भिंतीला धरून ठेवायला आत काही नाही तिच्यावर आणखी ओझं ठेवायचं. स्लॅबच पाहिजे तर त्याला स्वतःचे कॉलम-बीम पाहिजेत, खाली पाया पाहिजे, आणि मग ते जुनं घर राहत नाही.

आता माळवद का गळतं ते बघू. तुळया, त्यावर आडवे वासे किंवा फळ्या, त्यावर पालापाचोळा आणि माती, सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर, असं ते असतंय. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी वर ताजी माती टाकून चोपायची पद्धत. हे काम करणारी माणसं कमी झाली तसं लोकांनी दोन गोष्टी केल्या, काहींनी माती टाकणंच बंद केलं आणि काहींनी जुनी न काढता वरवर टाकत राहिले. दुसऱ्या प्रकारात गळती कमी पण वजन वाढत जातं, काही ठिकाणी मातीचा थर हातभर झालेला असतो, ओली झाली की ती अजून जड, आणि तुळई वाकते. मग कुणीतरी वरून सिमेंटचा कोबा करतं. लाकूड उन्हाळ्यात-पावसाळ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, तडा जातो, पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाटच राहत नाही म्हणून लाकूड आतून कुजतं.

तुम्ही असं करा. पहिलं काम तुळयांची टोकं बघायचं, मधला भाग नाही, भिंतीत शिरलेलं टोक. तिथंच वाळवी लागते आणि तिथंच कुज येते. टोच्यानं टोचून बघा, हातोडीनं वाजवून बघा, पोकळ आवाज आला की सुताराला बोलवा, कंत्राटदाराला नंतर. टोक गेलं म्हणून सगळी तुळई जात नाही, टोकाला जोड देता येतो किंवा भिंतीला लागून खाली लोखंडी आधार देता येतो. दुसरं, जादाची माती उतरवा, गरजेपुरतीच ठेवा, उतार नीट पन्हाळीकडे काढा. तिसरं, पन्हाळ मोकळी करा, निम्म्या घरांत गळतीचं मूळ तिथंच सापडतं. त्यानंतर वर चुन्याचा कोबा किंवा माळवदाच्या वर थोडं अंतर सोडून हलके पत्रे, दोन्हीपैकी जे परवडेल ते. पत्रे बघायला छान दिसत नाहीत, मला मान्य आहे, पण माळवद कोरडं राहतं आणि पत्र्याची गरमी खाली येत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ ला जातो तेव्हा माळवदाखालच्या खोलीत दुपारी झोपून बघा, मग आई पाडू नका का म्हणते ते कळेल.

भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा झाला असेल आणि खालून ओल चढत असेल तर तो गिलावा काढून चुन्याचा करा. भिंतीला फुगवटा आलाय का ते बाहेरच्या बाजूनं दोरी-ओळंबा लावून तपासा. फुगवटा असेल तर तेवढा भाग उतरवून परत बांधावा लागतो, तिथं कंजूषी नको, लहान मुलं राहणार असतील तर मुळीच नको. आणि इंजिनिअर असा शोधा ज्यानं जुन्या दगडी घरांची दुरुस्ती केलीय, नुसत्या अपार्टमेंटवाला नको. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट तसंही मालकानं करून घ्यायचं असतं, ते लेखी घ्या.

एक सांगायचं राहिलं, सोलापुरात पाऊस सगळ्यात जास्त सप्टेंबरात पडतो, तेव्हा जूनमध्ये छत कोरडं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

प्रश्न : भुईकोट किल्ल्याजवळ एक जुनं बैठं घर मिळतंय. पाडून तीन मजली बांधायचा प्लॅन आहे. एजंट म्हणतो "परवानगीचं मी बघतो". काही अडचण?

मोठी अडचण आहे. भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली तेव्हापासून संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही, त्याच्या पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करता येतं. आतल्या १०० मीटरमध्ये असलेल्या घराची दुरुस्ती होते, पण तीही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची एनओसी घेऊन. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ही एनओसी एजंटच्या हातातली गोष्ट नाही.

अंतर किल्ल्याच्या भिंतीपासून मोजत नाहीत, संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या हद्दीपासून मोजतात, त्यामुळे गुगल मॅपवर बोटानं मोजून ठरवू नका. बैठं घर आहे तसं नीट करून राहायचं असेल तर जरूर घ्या, तिथून सिद्धेश्वरचं तळं चालत जाण्यासारखं आहे, अशी जागा गावात दुसरी नाही. तीन मजल्यांसाठी घेत असाल तर सोडा.

याच निमित्तानं सगळ्यांसाठी, कुठल्याही पेठेत घर घेताना महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा आणि रस्ता रुंदीकरणाची रेषा घरातून जाते का बघा. आज बांधलेलं दिसतंय म्हणून उद्या पाडून तेवढंच बांधता येईल असं नसतं, समोरचा भाग रस्त्याला सोडावा लागला तर छोट्या प्लॉटवर उरतं काय?

प्रश्न : बँक जुन्या घराला लोन देत नाही म्हणतात, खरं का?

देतात, पण हात आखडून. दोन अडचणी असतात. मंजूर नकाशा नसतो, कारण घर नकाशे मंजूर करायच्या पद्धतीच्या आधीचं असतं. आणि व्हॅल्युअर घराचं आयुष्य किती उरलंय ते लिहितो, ते लोनच्या मुदतीपेक्षा कमी निघालं की फाईल परत. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ३० लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पण जुन्या घरात बँक जी किंमत धरते ती जवळपास नुसत्या जागेची असते, त्यामुळे हातात येणारी रक्कम तुमच्या हिशेबापेक्षा बरीच खाली येते. म्हणून टोकन द्यायच्या आधी बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरला घर दाखवा, फी गेली तरी चालेल. दुरुस्तीचे पैसे लोनमध्ये धरू नका, वेगळे ठेवा. घर बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, आणि नोंदणी फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर जात नाही.

प्रश्न : मालक घर विकतोय पण त्याआधी कोरीव दरवाजा आणि चौकातले खांब एका मुंबईच्या व्यापाऱ्याला वेगळे विकणार म्हणतोय.

होऊ देऊ नका. खांब हे शोभेचे नाहीत, वरचं सगळं त्यांच्यावर उभंय. साठेखतातच लिहा की घर दरवाजे, खांब, तुळया, कडीपाट, फरशी यांच्यासह जसं आज आहे तसं विकलं, आणि फोटो जोडा. जास्त पैसे मागितले तर थोडे द्या. सागवानी चौकट एकदा गेली की तशी परत बनवून घेणं तुम्हाला परवडणार नाही, आणि पेठेतून असे दरवाजे जाताना बघून जीव तुटतो.

प्रश्न : लग्न ठरलंय, मुलाकडचं घर बाळीवेशीच्या आत आहे. मी जुळे सोलापूरची. पाणी, गाडी, गर्दी याची भीती वाटते. राहता येतं का तिथं?

राहता येतं ताई, लोक पिढ्यानपिढ्या राहतायत. पण तयारी करून जा. पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं आणि वेळ कधी पहाटेचीपण असते, त्यामुळे घरात हौद किती मोठा आहे, त्यावर टाकी आहे का, मोटर कुठं बसवलीय हे आधी विचारा, लाजू नका. तुमच्या जुळे सोलापुरातही उजनीचं पाणी रोज येत नसणारच, फरक एवढाच की पेठेत हौद आधीपासून बांधलेले असतात. चारचाकी दारात येणार नाही. बोळ एवढे अरुंद आहेत की समोरून टमटम आली की कुणीतरी मागं जायचं. गाडी कुठं लावतात आणि रात्री तिथून घरापर्यंत रस्ता कसा आहे ते एकदा बघून घ्या.

गर्दी म्हणाल तर जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते तेव्हा नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यापासून निघतात आणि अख्खं गाव पांढऱ्या बाराबंदीत त्या रस्त्यांवर असतं. त्या दिवसांत गाडी काढायचा विचारच सोडायचा. बाहेरचे लोक याला त्रास म्हणतात, पण उंबऱ्यावर उभं राहून नंदीध्वज बघायला मिळणं यासाठी आमच्याकडे लोक लांबून नातेवाइकांकडे मुक्कामाला येतात.

आणि शेजार. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मागच्या बोळात उर्दू, सगळे मराठीत भांडणार आणि अडीअडचणीला सगळे धावून येणार. दुपारी दार लावून बसायची सवय असेल तर सुरुवातीला जड जाईल. सासूबाईंना विचारून एक खोली तुमची म्हणून ठरवून घ्या, खिडकी असलेली.

प्रश्न : साखर पेठेत आम्ही वडिलांच्या वेळेपासून भाड्यानं राहतो. मालकानं घर विकलं, नवीन मालक म्हणतो दोन महिन्यांत खाली करा, इमारत धोकादायक आहे. घरात दोन माग पण आहेत. आम्हाला काही हक्क आहे का?

आहे. घर विकलं म्हणून भाडेकरू निघत नाही, नवीन मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, तेवढंच होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ तुम्हाला संरक्षण देतो आणि वडिलांसोबत तुम्ही तिथंच राहत होता म्हणून भाडेपट्टा तुमच्याकडे येतो. खाली करून घ्यायचं तर कोर्टात जाऊन कायद्यातलं कारण सिद्ध करावं लागतं, तोंडी मुदत देऊन होत नाही. घर विकताना तुम्हालाच आधी विचारलं पाहिजे होतं असा हक्क मात्र या कायद्यात नाही, त्यावर वेळ घालवू नका.

लगेच करायची कामं. भाडं थकू देऊ नका, मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि पावत्या जपा. भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायचा मालकाला हक्क आहे, तेवढं देत नसाल तर द्यायला लागा. लाईट बिल, रेशनकार्ड, वडिलांच्या नावाच्या जुन्या पावत्या एका पिशवीत घालून नातेवाइकाकडे ठेवा, त्या घरात नको.

धोकादायकचं मात्र हलक्यात घेऊ नका. नोटीस महापालिकेची आहे का मालकानं नुसतं म्हटलंय ते बघा. नोटीस असेल तर इमारत कुठल्या वर्गात टाकलीय ते विचारा. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची. खरंच सी-१ असेल तर हक्कासाठी आत बसून राहू नका अण्णा, मागाचे धक्के बसणाऱ्या जुन्या भिंतीखाली पोरंबाळं ठेवायची नाहीत. बाहेर पडा, पण त्याआधी महापालिकेला लेखी अर्ज देऊन तुमच्या ताब्यातल्या जागेचं माप नोंदवून घ्या, माग बसवलेली जागा धरून, आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलंय. तो कागद हातात असेल तर नवीन बांधकामात जागा मागता येते. वर्ग सी-१ पेक्षा खालचा असेल तर दुरुस्ती होऊ शकते, मग मालकाला दुरुस्तीची लेखी मागणी करा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तिथं वकील फुकट मिळतो, आणि घरातल्या बाईच्या नावानं अर्ज केला तर उत्पन्नाची अटही लागत नाही. या आठवड्यातच जा, कागदांची पिशवी घेऊन.